चार महिने चालणारी ट्रॉली

मित्रांनो, दोन चाकं, थोडी वाकलेली दांडी आणि रंग उडालेल्या निळ्या चौकड्यांची पिशवी, एवढाच माझा पसारा. मी बाजाराला नेण्याची एक जुनी ट्रॉली आहे. सिंगापूरला यिशुन नावाचा भाग आहे, तिथल्या एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर माझं मूळ घर. परवापर्यंत वर्षातले चार महिने मी हिंडत असे आणि उरलेले आठ महिने तिथल्या एका बिनखिडकीच्या खोलीत उभी असे.

ती खोली इथल्या पुष्कळ घरांत असते. भिंती जाड आणि दार लोखंडी. कधी लढाई झाली, बॉम्ब पडले, तर घरच्यांनी आत बसावं म्हणून ती बांधलेली. तिला सगळे शेल्टर म्हणतात. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून लोक तिच्यात अडगळ ठेवतात. माझ्या शेजारी एक बंद पडलेला पंखा, पुस्तकांचे दोन खोके आणि गणपतीचं मखर असे. मखराची आणि माझी चांगली ओळख आहे. ते वर्षातून दहा दिवस बाहेर जातं, त्यामुळे माझे चार महिने त्याला फार वाटत.

माझा जन्म कारखान्यातला. मला कुणी घडवलं हे नीट सांगता येणार नाही. नळ्या वाकवणारं यंत्र आठवतं. पिशवीला शेवटची शिवण घालून दोरा दातांनी तोडणारी एक बाई आठवते. तिथून मी यिशुनच्या एका दुकानात आले आणि छताच्या आकड्याला लटकून राहिले. खालून माणसं जात-येत, वर कुणी बघत नसे.

एके दिवशी मनोहररावांनी वर बघितलं.

मनोहरराव निफाडचे. बाजार समितीत वजनकाट्यावर त्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती. निफाडची थंडी तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. तिथे द्राक्षबागा गारठू नयेत म्हणून पहाटे शेकोट्या पेटवतात. त्या थंडीत त्यांच्या पत्नीचे, विद्याबाईंचे गुडघे धरत. त्यांचा मुलगा संकेत आणि सून चैताली सिंगापूरला नोकरीला. संकेत म्हणाला, दिवाळी झाली की या आणि गुढीपाडव्याच्या आधी परत जा, थंडी इकडेच काढा. तेव्हापासून दोघं दर वर्षी येऊ लागले. मला घेतलं ते पहिल्याच वर्षी.

दुकानात माझ्यासारख्या सात-आठ ट्रॉल्या होत्या. मनोहररावांनी प्रत्येकीची दांडी दोन बोटांवर तोलून पाहिली. विद्याबाई कंटाळल्या. म्हणाल्या, "अहो, भाजीची गाडी घ्यायचीय, बैल नाही." तरी त्यांनी घाई केली नाही. माझी दांडी बोटांवर स्थिर राहिली तेव्हा ते म्हणाले, "हिचा तोल बरा आहे." मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ही पहिली शाबासकी. ती मी अजून विसरलेले नाही.

आमच्या इमारतीच्या तळाला भिंती नसलेली मोकळी जागा आहे. व्हॉइड डेक म्हणतात तिला. तिथे दगडी टेबलं आणि दगडी स्टुलं आहेत. आजूबाजूच्या इमारतींमध्ये थंडीपुरते आलेले आणखी बरेच मराठी आईवडील होते. मुलं-सुना कामावर, नातवंडं शाळेत. मग ही मंडळी दुपारी साडेचारला खाली जमत. पुण्याच्या अनघाताई होत्या. त्यांची मुलगी इथल्या विद्यापीठात संशोधन करते. निशिकांतराव होते. त्यांचा जन्म बोटींच्या इंजिनरूममध्ये गेला होता आणि आता ते मुलाकडे येऊन राहत. दगडी टेबलावर पत्त्यांचा मेंढीकोट रंगे. मनोहरराव निशिकांतरावांना म्हणत की बोट चालवलीत तसे पत्ते चालवू नका, फार धूर निघतो. आणि जमलेल्या सगळ्यांकडे हात दाखवून म्हणत की आमच्या नांदूरमध्यमेश्वरच्या धरणावर थंडीत परदेशची पाखरं उतरतात, आणि आपल्याकडची ही म्हातारी पाखरं इकडे उतरलीत.

शनिवार माझा. शनिवारी सकाळी ही मंडळी लिटिल इंडियातल्या टेक्का मार्केटला जात. यिशुनहून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, मध्ये एकदा गाडी बदलायची. मेथी, गवार, शेवग्याच्या शेंगा, नारळ, केळीची पानं, आठ घरांचा बाजार माझ्या एकटीच्या पोटात येई. प्रत्येक घराची एक कापडी पिशवी असे आणि तिच्या तोंडाला वेगळ्या रंगाची नाडी. भरायचं काम मनोहरराव दुसऱ्या कुणाला करू देत नसत. जड ते तळाला, चाकांच्या बरोबर वर. मग शेंगा उभ्या. पालेभाजी सगळ्यांत शेवटी, आणि तिच्यावर काही नाही. परत आल्यावर दगडी टेबलावर वाटप होई. विद्याबाई नाडीचा रंग पाहून हाका मारत. एकेक पिशवी कमी होई तशी मी हलकी होत जाई. माझी चाकं कुरकुरू लागली की निशिकांतराव घरून तेलाची बाटली आणत आणि बोटीचं इंजिन असावं तशी माझी तपासणी करत.

पाडवा जवळ आला की विद्याबाई मला धुऊन गॅलरीत वाळवत आणि शेल्टरमध्ये नेऊन ठेवत. लोखंडी दार लागे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आठ महिन्यांनी दार उघडणार हे मला माहीत होतं.

अशा सहा थंड्या झाल्या.

सातव्या वर्षी दिवाळी होऊन गेली. बाहेर बॅगांची चाकं वाजली. मी दांडी सावरून उभी राहिले. पण पावलं एकाच माणसाची होती. मग चैतालीच्या बोलण्यातून मला कळलं की आषाढात मनोहरराव निफाडला झोपेतच गेले. विद्याबाई एकट्या आल्या होत्या.

पहिल्या दोन दिवसांत खालची सगळी मंडळी वर येऊन गेली. बसली, रडली, मनोहररावांच्या आठवणी काढल्या. त्यानंतर मात्र कुणी हाक मारली नाही. कुणी वाईट नव्हतं, मित्रांनो. उलट सगळे फार जपत होते. वहिनींना चार माणसांत बसायला नको वाटत असेल, गुडघे दुखत असतील, आपण कशाला त्रास द्यायचा, असं प्रत्येकाला वाटे. शनिवारचा बाजारही मोडला. जो तो आपापली भाजी फोनवरून मागवू लागला. संक्रांतीला अनघाताईंनी बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं आणि विद्याबाईंकडे तिळगुळाचा डबा वर पाठवला. डबा काठोकाठ भरलेला होता. पण त्याबरोबर बोलावणं नव्हतं.

विद्याबाईंनीही स्वतःला आवरून घेतलं होतं. त्यांच्या मनात होतं की अजून वर्ष व्हायचंय, आणि आपण आता कुणाच्या शुभकार्यात पुढे होऊ नये. त्या दिवसभर घरात असत. गॅलरीतून खालची दगडी टेबलं दिसत नाहीत, नुसती पत्त्यांवर होणारी भांडणं ऐकू येतात. ती त्या ऐकत बसत.

आणि मी अंधारात उभी. वापर नसला की आमचं रबर कडक होतं. माझं डावं चाक जागेवरच धरलं.

एका रविवारी संकेत आणि चैताली शेल्टरच्या दाराशी उभं राहून हळू आवाजात बोलत होते. सिंगापूरला येऊन राहायला सरकारी पास लागतो. विद्याबाईंचा पास संपत आला होता आणि पुढच्या थंडीसाठी तो वाढवायचा असेल तर महिनाअखेरीपर्यंत अर्ज करायला हवा होता. संकेत म्हणाला, "अडीच महिन्यांत आई पाच वेळासुद्धा खाली उतरली नाही. चार भिंतींत कुढायला तिला इथे कशाला आणायचं? तिकडे निदान ओळखीची माणसं तरी आहेत."

"पण तुम्ही त्यांना विचारा ना," चैताली म्हणाली.

"विचारलं. म्हणते, तुम्ही ठरवाल तसं."

विद्याबाई स्वयंपाकघरात होत्या. मधे एक पातळ भिंत. त्यांनी सगळं ऐकलं. निफाडचं घर त्यांना परकं नव्हतं, पण तिथे आता पहाटेची थंडी होती आणि रिकामा पलंग होता. सहा वर्षं त्यांनी उरलेले आठ महिने याच चार महिन्यांच्या आशेवर काढले होते. नातीशी बोलणं, सुनेबरोबर भाजी निवडणं, खालचा आरडाओरडा. तेही आता जाणार होतं, आणि तेसुद्धा त्यांच्याच काळजीपोटी.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर शेल्टरचं दार उघडलं. विद्याबाईंनी मला बाहेर ओढलं. ओल्या फडक्याने पुसलं. डावं चाक फिरेना, तेव्हा त्यात खोबरेल सोडलं आणि ते हाताने पुढे-मागे करत बसल्या. दहा मिनिटांनी चाक सुटलं. मग माझी दांडी धरून त्या उभ्या राहिल्या. काठी घ्यायला त्यांना लाज वाटे. मला धरायला लाज वाटत नव्हती. बाजाराला निघालेल्या बाईच्या हातात ट्रॉली असतेच.

आम्ही जवळच्याच बाजारात गेलो. कोथिंबीर, केळी आणि एक नारळ घेतला. परत आलो तर व्हॉइड डेकमध्ये मांडव पडला होता. पांढऱ्या कापडाचे पडदे, गोल टेबलं, उंच स्टँडवर फुलांची मोठमोठी चक्रं. माणसं बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. विद्याबाई जागीच थांबल्या.

मित्रांनो, त्यांना वाटलं की लग्न आहे. एकदा इथल्याच एका मलाय शेजाऱ्यांच्या लग्नाला त्या जेवून आल्या होत्या. त्यानंतर खाली मांडव दिसला की तो लग्नाचा, असं त्यांनी धरलं होतं. काही मांडव पडले की मनोहरराव त्यांना मागच्या वाटेने नेत आणि का ते सांगत नसत. आज मागच्या वाटेला पायऱ्या आहेत हे त्यांना आठवलं. गुडघे चढू देईनात. पुढून जावं, तर लग्नाच्या मांडवातून आपण कसं जायचं? म्हणून त्या पडद्याच्या कडेला, अंग चोरून, माझी दांडी घट्ट धरून उभ्या राहिल्या.

आतून पांढऱ्या सदऱ्यातली एक चिनी मुलगी आली. तिने खुर्ची ओढली. "सिट, आंटी, सिट. सो हॉट लाह." वाक्याच्या शेवटी लाह म्हणायची इथे सगळ्यांना सवय आहे.

"नको गं बाई, मी इथेच बरी," विद्याबाई मराठीत म्हणाल्या.

मुलीला मराठी कळलं नाही. भाषा न कळण्याचे असेही फायदे असतात. तिने विद्याबाईंचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं, समोर शेंगा आणि थंड पेय ठेवलं. खाली बसल्यावर विद्याबाईंना समोरचा फोटो दिसला. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो, पुढे उदबत्त्या, फळं. मग त्यांना सगळं उमगलं. तरी त्या उठल्या नाहीत.

शेजारच्या खुर्चीवर त्या गृहस्थांची बायको बसली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या क्वेकबाई. त्या सोनेरी कागदांच्या घड्या घालून लहान होड्यांसारखे आकार करत होत्या. चिनी लोक गेलेल्या माणसासाठी असे कागद करतात आणि नंतर जाळतात. विद्याबाईंनी फोटोकडे पाहिलं, मग स्वतःकडे बोट दाखवलं, मग आकाशाकडे. आणि सात बोटं वर केली. सात महिने. क्वेकबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि तीन बोटं वर केली. तीन दिवस. थोड्या वेळाने क्वेकबाईंनी कागदांची अर्धी चळत विद्याबाईंपुढे सरकवली. जन्मभर वाती वळलेली बोटं ती. दोन घड्या चुकल्या, तिसरी जमली.

दुसऱ्या दिवशी दुपारीही आम्ही तिथेच होतो. विद्याबाईंनी कागद माझ्या पिशवीतून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेले. तेवढ्यात निशिकांतराव लिफ्टकडे जाताना थबकले.

"वहिनी, इथे कशाला बसलात? अहो, हे मयताचं आहे. चला वर, आंघोळ करा."

"ठाऊक आहे, भावोजी. माझ्या घरचं तरी कुठे वर्ष झालंय?"

निशिकांतराव हळूच म्हणाले, "मनोहर तुम्हाला मुद्दाम मागून न्यायचा. तुमचं मन हळवं म्हणून. आम्हाला सांगून ठेवलं होतं, हिला कळू देऊ नका."

विद्याबाईंनी हातातल्या कागदाची घडी पुरी केली.

"त्यांनी मायेनंच नेलं. तुम्ही सगळेही आता मला मागच्या वाटेनंच नेताय. पण त्या वाटेला माणूस भेटत नाही, भावोजी. शनिवारचा बाजार मोडलात, मला हाक का मारत नाही?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"मला तो त्रास हवाय."

निशिकांतराव बोटीवर वादळं पाहिलेले गृहस्थ. पण त्या वेळी त्यांना कुठे बघावं ते कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, हिच्या चाकात काय घातलंय? खोबरेल म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

शनिवारी सकाळी ते तेलाची बाटली घेऊन दारात उभे होते. खाली अनघाताई आणि बाकीचे रंगीत नाड्यांच्या पिशव्या घेऊन आले होते. कुणी माफी वगैरे मागितली नाही. अनघाताईंनी नुसतं विद्याबाईंच्या पदराचं टोक सरळ केलं. टेक्का मार्केटला मात्र त्यांनीच गोंधळ घातला. मेथीच्या जुड्या माझ्या तळाला कोंबू लागल्या. विद्याबाईंनी त्यांचा हात धरला. "अनघाताई, वर नारळ बसले की या मेथीची भाजी इथेच तयार होईल. सरका." आणि त्यांनी मला भरलं. नारळ तळाला, शेंगा उभ्या, मेथी वर. आठ घरांचा बाजार घेऊन मी एमआरटीत उभी राहिले तेव्हा माझं डावं चाक थोडं दुखत होतं, पण मी ते कुणाला सांगितलं नाही.

संकेत दुपारी घरी आला तर आई घरात नाही. घाबरून खाली धावला. दगडी टेबलाशी विद्याबाई उभ्या होत्या आणि निशिकांतरावांना ओरडत होत्या, कारण त्यांनी दुसऱ्याच्या नाडीची पिशवी उचलली होती. संकेत खांबाशी उभा राहून बघत राहिला. पिशव्या संपल्यावर विद्याबाईंना तो दिसला.

"तुम्ही ठरवाल तसं, असं मी म्हणाले होते ना," त्या म्हणाल्या. "आता मी ठरवलंय. पासचा अर्ज कर."

अर्ज गेला आणि पाडव्याच्या आधी पास वाढून आला.

निघायच्या आदल्या दिवशी विद्याबाईंनी मला नेहमीसारखं धुऊन वाळवलं. मला वाटलं, आता शेल्टर. पण त्या मला लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेल्या. सोबत त्यांची नात होती, पूर्वी तिचं नाव. क्वेकबाईंनी दार उघडलं. नवरा गेल्यापासून त्या बाहेर पडत नव्हत्या, हे विद्याबाईंच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी माझी दांडी क्वेकबाईंच्या हातात दिली. क्वेकबाई मान हलवून नको म्हणू लागल्या. तेव्हा पूर्वी म्हणाली, "आंटी, यू यूज फर्स्ट लाह. दिवाळी आफ्टर, आजी कम बॅक अँड टेक."

क्वेकबाईंनी ते दोनदा विचारून घेतलं. मग त्यांनी मला आत घेतलं.

वर गेल्यावर संकेतने विचारलं की ट्रॉली देऊन टाकलीस का. विद्याबाई बॅगेची चेन ओढत होत्या.

"दिली नाही. वापरायला ठेवलीय. न्यायला मला यावंच लागणार."

मित्रांनो, आता मी तिसऱ्या मजल्यावर राहते. क्वेकबाई पहिले आठ दिवस मला नुसत्या दाराजवळ ठेवून बघत होत्या. नवव्या दिवशी त्या मला घेऊन खाली उतरल्या. आता आम्ही रोज सकाळी जातो. त्या चिनी भाषेत माझ्याशी बोलतात, मला काही कळत नाही, पण माझी चाकं आता धरत नाहीत.

तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू दार लावून ठेवलेली असेल. तिला बाहेर काढा, पुसा, जमेल तेवढं ओझं तिच्यावर घाला. आणि तुमच्या घरात, शेजारात एखाद्या आजी दार लावून बसल्या असतील. त्यांना त्रास नको म्हणून तुम्ही हाक मारत नसाल. तर मित्रांनो, एकदा दारात जा आणि विचारा, येता का बाजारात? नाही म्हणाल्या तर हरकत नाही. उद्या परत जाऊन विचारा.